काटा खोटे बोलत नाही

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी पणजीत, मांडवीच्या काठी, काही हौशी मंडळींनी आपापल्या जुन्या गाड्या आणून उभ्या केल्या होत्या. बघायला मीही गेलो. गर्दी बरी होती. पोरे बॉनेटवर हात ठेवत होती, मालक "हात लावू नका रे" म्हणत होते, कुणीतरी लग्नाआधीचे फोटो काढून घेत होते. एका मॉरिस मायनरपाशी माझे पाय आपोआप थांबले. रंग असा, की त्यात आपले तोंड बघून घ्यावे. क्रोम लखलखीत. काचेतून आत डोकावलो आणि पोटात खड्डाच पडला. मायनर १०००च्या डॅशबोर्डवर मधोमध एकुलते एक मोठे गोल मीटर असते. वेगाचा काटा त्यातच, पेट्रोलचा काटाही त्याच्याच पोटात. त्या मीटरच्या जागी एक चौकोनी निळी पाटी डकवलेली होती आणि तिच्यावर आकडे नाचत होते.

मालक कौतुकाने म्हणाले, "डिजिटल केलं सगळं. ब्लूटूथपण आहे."

"आणि जुनं मीटर?"

"तें? तें दिलें भंगाराक."

शेजारच्या गाडीची तऱ्हा नेमकी उलटी. तिथली सगळी मीटरे जागच्या जागी, काचासुद्धा मूळच्या. फक्त एकही काटा हलत नव्हता. मालकांनी डिकीतून एक वेताची काठी काढून दाखवली. पेट्रोल किती आहे ते टाकीत काठी बुडवून बघतात म्हणे! दुरुस्त का करून घेत नाही, असे विचारले तर म्हणाले, "उघडलं की ओरिजिनल राहत नाही. व्हॅल्यू जाते."

या दोघांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही, हे मला तिथेच कळले. पण माझे भांडण दोघांशीही आहे, कारण दोघांनी केलेले काम एकच आहे. एकाने गाडीचे तोंड बदलले, दुसऱ्याने तिचे तोंड बांधले. बोलती गाडी दोघांनाही नको आहे.

आता, इतके तावातावाने बोलायला झाले तरी काय, एक काटाच ना, असे कुणी म्हणेल. आमच्या घरचीच गोष्ट सांगतो.

वडिलांकडेही मायनर होती. मुक्तीपूर्वी गोव्यात आलेली, त्यांनी पुढे सेकंडहँड घेतलेली, 'जी. डी.'ने सुरू होणाऱ्या जुन्या नंबराची. खंडेनवमीला तिला झेंडूची माळ, आंब्याची पाने आणि कुंकवाचे बोट, आणि त्या दिवशी तिला रस्त्यावर काढायचे नाही, असा आमच्या घरचा दंडक. १९९८ सालच्या पावसाळ्याआधी तिचा मागचा पत्रा कुजला म्हणून एका गॅरेजात दिली. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. पत्रा मारून, रंग लावून गाडी घरी आली आणि त्या दिवसापासून पेट्रोलचा काटा 'एफ'वर. चावी फिरवली की टुणकन उडी मारून 'एफ'वर. गॅरेजवाल्याला विचारले तर तो म्हणाला, "फुल्ल दाखयता न्ही? मागीर मीटर बरो आसा." वडिलांनी विश्वास ठेवला. माणसाने सांगितले की विश्वास ठेवणाऱ्या पिढीतले ते.

जुलैतल्या एका रात्री मडगावहून फोंड्याला परतताना बोरीच्या पुलावर मधोमध गाडी बंद पडली. काटा 'एफ'वर. पेट्रोल संपले असेल ही शंका येण्याचे कारणच नव्हते. वडिलांनी प्लग बघितले, डिस्ट्रिब्यूटरची टोपी पुसली, पाऊस मुसळधार, मागून ट्रक. शेवटी बहात्तर वर्षांचा तो माणूस खाली उतरून गाडी ढकलू लागला, आई स्टिअरिंगवर. पाय घसरून ते पडले, खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर त्यांनी गाडीच्या चाकाला हात लावला नाही. हाड जुळले होते. हात न लावण्याचे कारण त्यांनी एकदाच सांगितले, "काटो फट उलयलो." काटा खोटे बोलला.

काटा खोटे बोलला नव्हता, हे मला कळायला आणखी काही वर्षे जावी लागली.

त्या जातीच्या मीटरात तारेच्या दोन गुंडाळ्या असतात आणि त्यांच्या मधे लोखंडाचा लहानसा तुकडा, त्याला काटा जोडलेला. एक गुंडाळी काट्याला 'ई'कडे ओढते, दुसरी 'एफ'कडे. टाकीत एक तरंगता गोळा असतो, त्याच्या दांड्याबरोबर एक पत्ती बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. टाकी रिकामी, गोळा तळाला, तर वीज जवळजवळ अडथळ्याविना टाकीतल्या युनिटमधूनच अर्थला जाते. 'एफ'वाल्या गुंडाळीच्या वाट्याला काहीच उरत नाही आणि काटा 'ई'वर पडतो. गोळा वर आला की तिकडची वाट अडत जाते, वीज 'एफ'च्या गुंडाळीतून वाहू लागते, काटा चढतो. दोन गुंडाळ्यांची ओढाताण आणि त्यातून निघणारा निकाल, एवढेच. बॅटरी थोडी उतरली तरी दोन्ही बाजू सारख्याच अशक्त होतात, म्हणून निकाल फारसा बदलत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या माणसांनी विजेच्या दोन गुंडाळ्यांतून केवढा समजूतदार पंच बनवला होता बघा!

आता टाकीकडे जाणारी वायर तुटली तर काय होईल? टाकीकडची वाट कायमची बंद. सगळी वीज 'एफ'च्या गुंडाळीत. काटा टुणकन फुल्ल.

डिकीतले कार्पेट उचलले तेव्हा ती वायर सापडली. हिरव्यावर काळी रेघ. ल्यूकसच्या जुन्या रंगपद्धतीत इंधनाच्या मीटरकडून टाकीकडे जाणारी वायर हीच. पत्रा जोडताना जळाली, जळाली म्हणून कापली, कापलेले टोक चिकटपट्टीने गुंडाळले आणि वर रंग मारला. म्हणजे मेस्ताला ठाऊक होते. वीतभर वायर आणि सोल्डरचा एक थेंब एवढेच काम होते. काटा बिचारा ओरडून सांगत होता की मागची वायर तुटली आहे, पण त्याची भाषा येणारे कुणी उरले नव्हते. माझा राग आहे तो यावर.

इंग्रज लोक ल्यूकसच्या विजेच्या सामानाची चेष्टा करतात, जोसेफ ल्यूकसला काळोखाचा राजपुत्र म्हणतात. विनोद म्हणून ठीक. पण आपल्याकडचे गॅरेजवाले तोच विनोद प्रमाण मानून "तें सामान वायटच" असा शिक्का मारतात आणि पक्कड घेऊन बसतात. वाईट काय आहे ते मी सांगतो. वाईट आहे गोव्याची हवा. चार महिने पाऊस, बाकी आठ महिने समुद्राचा खारटपणा. जिथे जिथे वायर पत्र्याला स्क्रूने टेकवून अर्थ घेतलेला असतो, तिथे हिरवा-पांढरा गंज चढतो. शंभरातल्या किती मीटरांचे दुखणे तिथे असते याचा आकडा माझ्याकडे नाही, पण मी स्वतः उघडलेल्या जवळजवळ प्रत्येक 'मेलेल्या' मीटरचे दुखणे मीटरात नव्हतेच. सँडपेपरचा तुकडा, स्वच्छ पत्रा, थोडी व्हॅसलीन. एवढ्यासाठी माणसे अख्खा डॅशबोर्ड कापतात!

साठीच्या दशकाच्या मध्यावर ब्रिटिश गाड्यांत दुसऱ्या जातीची मीटरे आली, आणि इथे तर अज्ञानाचा बाजारच भरतो. या मीटरात गुंडाळ्यांची झोंबाझोंबी नाही. दोन धातूंची एक पट्टी, तिच्याभोवती तापणारी तार. वीज जास्त गेली की पट्टी जास्त तापते, वाकते, काट्याला ढकलते. म्हणून हा काटा उडी मारत नाही, सावकाश चढतो आणि वळणावर हेलकावत नाही. पण याला पंच नाही, त्यामुळे व्होल्टेज बदलले की उत्तर बदलते. यासाठी डॅशबोर्डमागे एक पत्र्याची डबी बसवलेली असते, स्टॅबिलायझर. आत तीच तापणारी पट्टी, ती सतत जोडत-तोडत बाराचे सरासरी दहा व्होल्ट करते. या डबीचा स्वतःचा अर्थ गंजला की ती तोडायचे विसरते, आणि पेट्रोल नि तापमान असे दोन्ही काटे एकदम वर चढून बसतात. दोन काटे एकाच दिशेने चुकू लागले की डबीकडे बघायचे, एकच चुकत असेल तर त्याच्या वायरीकडे आणि युनिटकडे. आणि डबी तपासायला डिजिटल मल्टिमीटर लावलात तर आकडे नुसते उड्या मारतील, मग "डबी गेली" म्हणून ती फेकाल. तिथे छोटा बल्ब लावावा. तो मिणमिणत लुकलुकला की डबी जिवंत.

मौज पुढेच आहे. या दुसऱ्या जातीत टाकीतले युनिट उलट्या हिशेबाचे असते. रिकाम्या टाकीला अडथळा जास्त, भरलेल्या टाकीला कमी. पहिल्या जातीत रिकाम्याला शून्याच्या आसपास, भरलेल्याला त्याहून पुष्कळ जास्त. आता समजा तुमच्या मायनरचे युनिट सडले आणि कुणी मारुतीचे युनिट ठोकून ठाकून टाकीत बसवले. काटा हलेल, छान हलेल, पण टाकी भरली की 'ई' आणि संपली की 'एफ'. असे बसवून, वर "सवय जातली" असा सल्ला देणारे मेस्त मी पाहिले आहेत. पाच रुपयांचे नाणे उलटे छापून आले तर आपण बँकेत जाऊन भांडतो. इथे मात्र सवय करून घ्यायची!

यावर ब्लूटूथवाले म्हणतील, बघा, एवढी कटकट, म्हणूनच आम्ही सगळे काढून टाकले. बरे. पण तुमच्या त्या निळ्या पाटीला पेट्रोल किती आहे हे सांगते कोण? टाकीतला तोच गोळा. तीच हिरवी-काळी वायर. तोच गंजका अर्थ. ज्ञानेंद्रिय जुने ठेवून फक्त तोंड नवे बसवले तर रोग्याचे काय बदलले? त्या रविवारी मी त्या पाटीकडे बराच वेळ बघत होतो. पेट्रोलच्या खान्यात दोन आडव्या रेघा होत्या. मालकांना विचारले तर म्हणाले, "तें अजून जोडूंक ना."

मी सुधारणेच्या विरोधात नाही, हे ओरिजिनलवाल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगतो. काही सुधारणा केल्याच पाहिजेत. त्या पत्र्याच्या डबीचेच घ्या. तिच्या आतली पट्टी काढून तिथे ७८१० नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर आणि सोबत दोन कपॅसिटर बसवता येतात. किंमत एका चहा-भजीची. डबी तीच, जागा तीच, दहा व्होल्ट मात्र अगदी ठाम. हे काम करताना गाडी प्लस अर्थची आहे की मायनस अर्थची हे आधी बघायचे. जुन्या ब्रिटिश गाड्या बहुधा प्लस अर्थच्या. तापणाऱ्या पट्टीला त्याचे सोयरसुतक नसते, पण उलट जोडलेला रेग्युलेटर पहिल्या चावीलाच धूर काढतो.

अँमीटरचे तर मी म्हणेन, भावनेला बाजूला ठेवा. जुन्या डायनॅमोच्या गाडीत तो शोभतो, कारण ल्यूकसचा सी-४० डायनॅमो देऊन देऊन २२ अँपिअर देणार. पण तुम्ही डायनॅमो काढून त्याच्या दुप्पट देणारा ऑल्टर्नेटर बसवलात आणि अँमीटर तसाच ठेवलात, तर स्टार्टर सोडून गाडीची झाडून सगळी वीज डॅशबोर्डमागच्या दोन नटांतून, फ्यूजशिवाय, ये-जा करते. एक नट ढिला झाला की तो तापतो, वायरीचे आवरण वितळते आणि मग गाडी पेटते. तिथे व्होल्टमीटर हवा. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास, चालू असताना चौदाच्या आसपास, एवढे कळले की बॅटरी आणि ऑल्टर्नेटर दोघांचीही खबर कळते. अँमीटरचाच चेहरा ठेवून आत व्होल्टमीटरचे यंत्र बसवून देणारे कारागीर आहेत. करून घ्या. मूळपणाचा हट्ट आगीच्या जागी धरायचा नसतो.

मीटरमागचे आट्याचे छोटे बल्ब काढून एलईडी लावतात, त्यालाही माझी ना नाही, जुन्या बल्बच्या उष्णतेने तबकडीचा रंग पिवळा पडतो तो वाचेल. मात्र चार्जिंगच्या लाल दिव्याला हात लावू नका. पुष्कळ ऑल्टर्नेटरना जागे करणारी वीज त्याच दिव्यातून जाते. तिथे एलईडी लावला की दिवा झकास आणि बॅटरी उपाशी.

आणि टाकीतला तो गोळा. आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. काही जुन्या गाड्यांत बुचाच्या लाकडाचा गोळा असे, त्याला लाखेचे अस्तर. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हे पॉलिश करणारा कुठलाही सुतार सांगेल. अस्तर गेले की बूच पेट्रोल पिते, जड होते, बुडते, आणि टाकी भरलेली असून काटा 'ई'वर. पितळेचा गोळा असेल तर गरम पाण्यात धरून बघा. बुडबुडा आला तिथे भोक, भोकाला सोल्डर, पण आधी आतले पेट्रोल पूर्ण उडू द्या. आणि बाबांनो, उघड्या टाकीवर वायर टेकवून "काटो हालता काय पळोवया" हा प्रयोग करू नका. एका ठिणगीचे काम असते. बॅटरी सोडायची, युनिट बाहेर काढून टेबलावर तपासायचे.

ओरिजिनलवाल्यांना २०२१च्या जुलैत केंद्र सरकारने एक हत्यार दिले आहे. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. नियमात मीटर दुरुस्त करू नका असे कुठेही म्हटलेले नाही, पण "व्हॅल्यू जाते" म्हणणारे याच नियमाकडे बोट दाखवतात. माझी तक्रार वेगळी आहे. या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, देखभाल, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. धूर, सुरक्षा वगैरे कारणे मला समजतात. पण परिणाम बघा. गाडी वर्षातून चार वेळा बाहेर येणार, तीही बघण्यासाठी. मग काटा हलतो की नाही याची फिकीर कुणाला? जिच्यावर प्रवासाला कुणी अवलंबून नाही, ती गाडी खरे बोलली काय नि गप्प बसली काय.

आपल्याला हे दृश्य नवे नाही. फोंतेन्यातल्या घरांच्या दर्शनी भिंती दरवर्षी रंगवल्या जातात, आतले वासे वाळवी खाते. शिंपल्यांच्या खिडक्या काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवणारा आणि शिंपल्यांची खिडकी कधी उघडायचीच नाही म्हणून खिळे ठोकणारा, यांतला जास्त मोठा शत्रू कोण हे मला अजून ठरवता आलेले नाही. असो. विषय गाड्यांचा आहे.

कारागीर मिळत नाहीत, हे शेवटचे कारण नेहमी पुढे येते. खरे आहे, गॅरेजात मिळत नाहीत. आमच्या मायनरचे मीटर मी म्हापशाच्या बाजारातल्या एका घड्याळजीकडे नेले होते. त्याने आयुष्यात गाडी चालवलेली नाही. डोळ्याला भिंग लावले, मागचे दोन स्क्रू काढले, धूळ फुंकली, गुंडाळ्या केसभर सरकवून काटा जुळवला आणि विचारले, "हें घड्याळ कसलें?" पेट्रोलचे, म्हटले. पन्नास रुपये घेतले. तेव्हापासून आमचा काटा मूळच्या स्वभावाप्रमाणे चढावर थोडा वर आणि वळणावर थोडा खाली डोलतो, आणि टाकीत पाच लिटर उरले की पाचच सांगतो. वडिलांना मी शेजारी बसवून एकदा पंपावर नेले होते. दहा लिटर पडताना ते बाहेर आकड्यांकडे न बघता आत काट्याकडे बघत होते. बोलले काही नाहीत.

पणजीच्या त्या रविवारनंतर दोन दिवसांनी मी त्या मालकांना फोन करून भंगारवाल्याचा पत्ता विचारला. गेलो. मीटर होते, जुन्या पंख्यांच्या ढिगात. काच फुटलेली, काटा शाबूत. तोलून साठ रुपये झाले. घरी आणून टेबलावर बॅटरीला जोडले. टाकीचे टोक मोकळे ठेवले, काटा 'एफ'वर. टाकीचे टोक अर्थला टेकवले, काटा 'ई'वर. काहीही बिघडलेले नव्हते. मालकांना तसा निरोप पाठवला आहे, येऊन फुकट घेऊन जा म्हणून. अजून आलेले नाहीत.